मागची शिल्लक

वेळ संपते, पर्स खांद्यावर चढते, चपला पायात सरकतात आणि दाराच्या कडीवर हात ठेवून, मागं न बघता प्रश्न येतो. "मॅडम, ते... सगळं तपासून घ्यायचं म्हटलं तर कुठं जायचं? लई पैसे लागतात का?"

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न इतक्यांदा आला की आता माणूस दाराशी थबकला तरी मला अंदाज येतो. लग्न ठरलेले येतात, घटस्फोट घेतलेल्या येतात, जोडीदार गेल्यावर पुन्हा कुणाचा तरी हात धरावा असं वाटणारे येतात. नवं नातं सुरू करण्याआधी आपल्याला लैंगिक संबंधातून आलेला काही आजार तर नाही ना, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं. जबाबदार माणसाच्याच मनात येणारा हा विचार आहे. तरी माणसं तो चोरून आणल्यासारखा बोलून दाखवतात.

सुनंदाची गोष्ट तिच्या परवानगीनं सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

वय छत्तीस. शिक्षण बी.कॉम. मार्केट यार्डात गुळाच्या एका अडत दुकानात हिशेब लिहिते. नवरा ट्रकवर होता, बाहेर त्याचे संबंध होते. घटस्फोटाला तीन वर्षं होऊन गेली होती. आता मावसबहिणीच्या ओळखीतून एक शिक्षक तिच्या आयुष्यात आले होते. विधुर, राधानगरीकडचे. दोघं रविवारी रंकाळा तलावावर भेटायची. अजून सगळं बोलण्यापुरतंच होतं.

ती माझ्याकडे आली होती झोप येत नाही म्हणून. तपासणीचा विषय दुसऱ्या भेटीत निघाला, दाराशीच. एका खासगी लॅबमध्ये तिनं फोन करून विचारलं होतं. 'फुल पॅकेज' साडेसहा हजार. तिचा पगार चौदा हजार.

"एवढं न्हाई जमायचं. मग वाटलं, राहू दे. देवाला ठाऊक."

मला वाटलं, सोपा प्रश्न आहे. मी तिला पुन्हा बसवलं आणि सांगितलं. सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र आहे. तिथं एचआयव्हीची तपासणी मोफत होते. गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तिथं तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट मिळतात. सिफिलीससाठी रक्त तिथंच घेतात. कावीळ बी आणि सी यांच्या तपासणीची सोयही २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत आहे. घराजवळ हवं असेल तर इचलकरंजीचं आयजीएम आहे, गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय आहे. काही सुचलं नाही तर १०९७ वर फोन लावायचा. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

पॅकेजची यादीही आम्ही बसून वाचली. त्यात हर्पिसच्या रक्तचाचण्या होत्या. अंगावर फोड-पुरळ काही नसताना ती चाचणी फारशी कामाची नाही, उलट खोटा 'पॉझिटिव्ह' येऊन माणूस हादरतो. एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू, रक्तात सापडत नाही. तिशी ओलांडलेल्या बाईनं त्यासाठी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी, तीही सरकारी दवाखान्यात होते. गनोरिया आणि क्लॅमिडिया या गुप्तरोगांची लघवीची किंवा स्वॅबची अचूक चाचणी मात्र महाग असते. ती सगळ्यांनी सरसकट करायची गरज नाही, डॉक्टर विचारपूस करून सांगतात. एचआयव्ही, सिफिलीस आणि कावीळ बी एवढ्या तीन चाचण्या खासगीतही काहीशे रुपयांत होतात. साडेसहा हजारांतले बरेचसे पैसे भीतीचे होते.

तिनं सगळं वहीत टिपून घेतलं. छान अक्षर आहे तिचं. "बरं, जातो मी मंगळवारी," म्हणाली. (आमच्या कोल्हापूरच्या बायका 'जाते' म्हणत नाहीत, 'जातो'च म्हणतात. तो ठसका मला फार आवडतो.)

मंगळवार गेला. त्यापुढचाही गेला. तीन आठवडे ती गेली नाही. एकदा दुकानात माल आला होता, एकदा आईचा गुडघा दुखत होता, एकदा सीपीआरच्या गेटपर्यंत जाऊन, समोरच्या टाऊन हॉलच्या बागेत बसून ती परत आली होती.

माझं चुकलं ते इथं. तिनं पत्ता विचारला, मी पत्ता दिला. पण पत्ता विचारणाऱ्याला पत्ताच हवा असतो असं नाही. मी विवेकनिष्ठ विचारसरणीवर काम करते. घटना आणि भावना यांच्या मधोमध एक विचार बसलेला असतो आणि माणूस त्या विचारापाशी अडतो, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. तरी तो विचार शोधायचा सोडून मी माहिती वाटत बसले होते.

पुढच्या भेटीत मी सीपीआरचं नावही काढलं नाही. एवढंच विचारलं, "बागेत बसला होता, तेव्हा मनात काय चाललं होतं?"

"कुणी बघितलं तर."

"बघितलं तर काय होईल?"

"विचारतील, कशाला आलतीस."

"आणि?"

बराच वेळ ती ओढणीच्या टोकाला गाठ मारत राहिली, सोडत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी तशी बाई ठरेन."

"तशी म्हणजे?"

"जिला तपासायला लागतंय, तशी." आणि त्याला जोडूनच, "त्यांना सांगितलं तर त्यांना वाटंल, हिच्यात कायतरी असणार. त्यांना तपासून या म्हटलं तर वाटंल, माझ्यावर संशय घेतीया. दोन्हीकडनं मीच."

साडेसहा हजारांच्या आड लपलं होतं ते हे. तपासणी म्हणजे तिच्या लेखी चारित्र्याचा दाखला होता, आणि दाखला मागायला जाणं म्हणजेच तो आपल्याकडे नाही अशी कबुली.

अशा वेळी मी माणसाला त्याच्या कामाकडे नेते. रोजच्या कामात माणसाचा विवेक शाबूत असतो, भीती तिथं सहसा पोचलेली नसते. मी विचारलं, "पाडव्याला दुकानात नवी वही सुरू करता ना? पहिल्या पानावर काय लिहिता?"

तिला विषय बदलल्यासारखं वाटलं असावं. जरा सैल होऊन म्हणाली, "वर श्री. मग शुभ-लाभ. हळदीकुंकू लावायचं. मग मागची शिल्लक ओढायची."

"ती कशाला? नवी वही आहे ना? कोरी ठेवा."

"अशी कशी कोरी?" तिला माझं अज्ञान सहन होईना. "कुणाकडनं किती येणं, कुणाचं किती देणं, ते पुढं आणल्याशिवाय नवी वही लिहिताच येत न्हाई."

"पण शिल्लक काढायची म्हणजे मालकावर संशय घेतल्यासारखं नाही का?"

"संशय कसला त्यात? मालक सोता समोर बसून काढून घेतात. चोरी पकडायला नसती ओ शिल्लक. आपण कुठं उभं हाय ते कळायला..."

आणि ती थांबली.

त्या थांबण्यात मी काही बोलले नाही. या कामात बोलायचं कधी हे शिकायला मला थोडी वर्षं लागली, गप्प कधी बसायचं हे शिकायला फार जास्त. बाहेर केएमटीची एक बस हॉर्न वाजवत गेली. सुनंदाच्या हातातली ओढणी सुटली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या भिंतीकडे बघत होती, पण नजर एखादी बेरीज तपासावी तशी वरून खाली सरकत होती.

मी एकच प्रश्न पुढे केला. "आणि मागचं देणं निघालं तर?"

"निघालं तर फेडायचं," ती म्हणाली. "वही जाळत्यात होय?"

मग ती रडली. बराच वेळ, मोकळेपणी. नवऱ्यानं जे केलं त्याचं देणं आपल्या नावावर निघेल, या धास्तीनं तिनं तीन वर्षं वहीच उघडली नव्हती. मी हा प्रसंग माझ्या टिपणवहीत जसाच्या तसा उतरवून ठेवला आहे. एवढं नेमकं मला पुस्तकातून कुणी शिकवलं नव्हतं.

त्या आठवड्यात ती सीपीआरला गेली. केसपेपर काढला, रांगेत उभी राहिली, ओळखीचं कुणी भेटलं नाही. केंद्रातल्या समुपदेशकांनी दार लावून घेतलं, शेवटचा संबंध कधी आला ते विचारलं, चाचणी म्हणजे काय ते समजावलं, संमती घेतली आणि मगच रक्त घेतलं. ही त्यांची मेहरबानी नाही. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. समजावून घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल बाहेर फोडता येत नाही. मी प्रत्येकाला हे सांगते, कारण 'कळेल' ही धास्ती बहुतेकदा कायदा माहीत नसण्यातून येते.

एचआयव्ही निगेटिव्ह, सिफिलीस नाही, कावीळ बी नाही. पण सुरक्षा क्लिनिकच्या डॉक्टर बाईंनी आणखी एक विचारलं: अंगावर पांढरं जातं का? दोन वर्षं जात होतं. बायकांचं असतंच म्हणून सुनंदानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. अंगावर पांढरं जाणं हे दर वेळी संबंधातून आलेलं नसतं, पण दोन वर्षं अंगावर काढण्यासारखंही नसतं. तपासून गोळ्या दिल्या, फुकट. त्या संपल्यावर ती सांगायला आली, "एवढ्यासाठी मी दोन वर्षं..." आणि पुढं बोलली नाही.

कावीळ बी ची लस तिला लहानपणी मिळालेली नव्हती. तिच्या वयाच्या बहुतेकांना नसते. मोठेपणी घ्यायची तर तीन डोस: पहिला, महिन्यानं दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. तिनं पहिला घेतला.

इथं एक गोष्ट थांबून सांगते, कारण तरुण मुलांचा घोटाळा इथंच होतो. सुनंदाच्या शेवटच्या संबंधाला तीन वर्षं झाली होती, म्हणून तिला एकच तपासणी पुरली. पण गोव्याहून आल्यावर दहाव्या दिवशी रक्त देऊन 'क्लिअर आहे' म्हणत पेढे वाटायच्या बेतात असलेला एक मुलगा माझ्याकडे आला होता. इतक्या लवकर संसर्ग चाचणीत दिसत नाही. पक्कं उत्तर हवं तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं आणि तोवर निरोध वापरायचा. आणि धोका नुकताच घडला असेल तर वाट बघायचीच नाही. ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं, सरकारी रुग्णालय गाठायचं. एचआयव्ही टाळण्याची औषधं असतात, ती २८ दिवस घ्यावी लागतात. चाचणी पॉझिटिव्ह आली तरी उपचार २००४ पासून मोफत आहेत. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण अजूनही माणसं या आजाराला आयुष्याचा शेवट समजून तपासणीच टाळतात.

राहिले शिक्षक. सुनंदाला त्यांच्याशी बोलायचं होतं आणि जीभ उचलत नव्हती. आम्ही वाक्यं घासली. 'तुम्ही तपासून या' हे पहिलं वाक्य आम्ही काढून टाकलं. तिनं स्वतःपासून सुरुवात करायची असं ठरलं.

रंकाळ्याच्या कट्ट्यावर तिनं रिपोर्ट त्यांच्या हातात दिला. "मी माझी मागची शिल्लक काढली. तुमचीबी काढूया का? मी येतो संगं."

ते म्हणाले, "मी दर शिवजयंतीला रक्तदान करतो. काही असतं तर त्यांनी कळवलंच असतं."

कोल्हापुरात हे उत्तर मला दर दुसऱ्या पुरुषाकडून मिळतं. मंडळांची शिबिरं उदंड आणि देणारेही दिलदार. रक्तपेढीत एचआयव्ही, कावीळ बी व सी, सिफिलीस आणि मलेरिया यांच्या चाचण्या होतात हे खरं. पण त्या ज्याला ते रक्त चढवायचं त्याच्यासाठी असतात. मागच्या शिवजयंतीनंतर काय घडलं ते त्यात येत नाही. आणि आपल्याला काही लागलं असेल अशी शंका असताना, तपासून मिळेल म्हणून रक्तदान करणं तर कुणा अनोळखी रुग्णाचा जीव धोक्यात घालणं आहे. सुनंदानं हे त्यांना शांतपणे सांगितलं. ते उठले आणि एसटीची वेळ झाली म्हणाले.

चार दिवस फोन नाही. त्या दिवसांत ती माझ्याकडे आली, पण कोसळलेली नव्हती. "मी विचारलं ते बरोबर हुतं," म्हणाली. "त्यांनी हो म्हणावं असं मला वाटतंय. म्हणायलाच पाहिजे असं न्हाई." या एका 'च'वर माणसं आयुष्यभर भांडतात. तिनं तो काढून माझ्या टेबलावर ठेवला होता. शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. त्याच गावात एक बाई दुसऱ्या संसाराआधी ताठ मानेनं स्वतःच्या अटी मांडत होती. मला तिचा अभिमान वाटला, आणि थोडा माझ्या कामाचाही.

पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. बायको आजारी असताना इतके दवाखाने झाले होते की दवाखान्याच्या दारातच पाय जड होतो, म्हणाले. "रजा टाकतो. पण तू बाहेर थांब, मी बाहेर येईपर्यंत."

ती थांबली. समुपदेशकांनी त्यांना आधी एकट्यालाच आत घेतलं, तसंच घ्यायचं असतं. निकाल काय आला ते मी सुनंदाला विचारलं नाही. तो त्यांचा होता. तिनं मला एवढंच सांगितलं, की ते बाहेर आले, केसपेपरची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली, शेजारी बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "कावीळीचा तुझा दुसरा डोस कधी हाय? माझा पहिला त्याच दिवशी घेऊ."