सांधा सपाट का बसत नाही?

प्रश्न : एका लहान कपाटाची लाकडी चौकट मी घरीच तयार करीत आहे. 20 मिलिमीटर जाड आणि 45 मिलिमीटर रुंद पट्ट्या आणल्या असून चारही कोपऱ्यांवर हाफ लॅप सांधा (दोन्ही पट्ट्यांची अर्धी-अर्धी जाडी काढून त्या एकमेकींवर बसविण्याचा सांधा) करण्याचे ठरविले आहे. सरावासाठी दोन तुकड्यांत मोजून 10 मिलिमीटर खोल खाचा घेतल्या. तरीही तुकडे जोडल्यावर एक पट्टी दुसरीपेक्षा खाली बसते आणि आतल्या कोपऱ्यात बारीक फट राहते. दोष मोजमापाचा आहे की करवतीचा?

उत्तर : दोन्हींचा. पट्टी खाली बसते ती मोजमापामुळे आणि फट राहते ती बहुधा करवत व पटाशीच्या कामामुळे.

20 मिलिमीटरची म्हणून मिळणारी पट्टी रंधा मारून झाल्यावर पुष्कळदा 18 किंवा 19 मिलिमीटरच भरते. पट्टी 19 मिलिमीटरची असेल आणि दोन्ही तुकड्यांत 10 मिलिमीटर खोल खाच घेतली, तर प्रत्येकाची उरलेली जीभ 9 मिलिमीटरची राहते. ती 10 मिलिमीटरच्या खाचेत बसली की दर्शनी बाजूस 1 मिलिमीटरची पायरी पडणारच. म्हणून या कामात मोजपट्टी बाजूला ठेवावी आणि मार्किंग गेज (दांडीवर सरकणारा ठोकळा आणि टोकाला टोचणी असलेले, कडेला समांतर रेघ ओढण्याचे साधन) वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गेज अंदाजे अर्ध्या जाडीवर ठेवून पट्टीच्या कडेवर एकदा पुढच्या आणि एकदा मागच्या बाजूने टोचून पाहावे. दोन खुणा पडल्या तर गेज त्यांच्या मध्यावर सरकवावा आणि खुणा एकावर एक येईपर्यंत हे करीत राहावे.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत्येक पट्टीची दर्शनी बाजू आधीच ठरवून तिच्यावर पेन्सिलीने खूण करावी आणि गेजचा ठोकळा सर्व पट्ट्यांवर त्याच बाजूला टेकवून रेघ ओढावी. आडव्या पट्टीचा रेघेच्या पुढचा भाग काढायचा आणि उभ्या पट्टीचा रेघेच्या मागचा. असे केले म्हणजे पहिलीच्या खाचेची खोली आणि दुसरीच्या जिभेची जाडी एकाच मापाने ठरते. गेज अर्ध्यापेक्षा थोडा इकडेतिकडे असला किंवा दोन पट्ट्यांच्या जाडीत फरक असला, तरी दर्शनी बाजू सपाटच जुळते आणि जो काही फरक असेल तो मागे जातो, जिथे तो रंधून काढता येतो. काढायच्या भागावर फुलीही मारून ठेवावी, कारण चुकीची बाजू कापली जाणे हा प्रकार नवख्यांपुरता मर्यादित नाही.

आता फटीविषयी. खाचेची लांबी आकड्याने मोजू नये. जी पट्टी तिथे बसणार आहे तीच आडवी ठेवून, गुण्या लावून, धारदार सुरीने रेघ घ्यावी. सुरीने तंतू कापले जात असल्यामुळे कडेची ढलपी निघत नाही आणि पटाशीची धार टेकवायला नेमकी जागा मिळते. दोन्ही उभ्या पट्ट्या शेजारी-शेजारी बांधून त्यांच्यावरील रेघा एकदमच ओढाव्यात, म्हणजे चौकटीच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या लांबीच्या होतात.

कापताना आधी तंतूंच्या दिशेचा उभा छेद आणि नंतर तंतूंना आडवा छेद घ्यावा. करवत नेहमी रेघेच्या टाकाऊ बाजूला ठेवावी. रेघ अर्धी तरी दिसत राहिली पाहिजे. आडवा छेद खोलीच्या रेघेपलीकडे जाऊ देऊ नये, कारण नेमकी तिथेच पट्टी अर्ध्या जाडीची उरलेली असते. शेवटी खाचेच्या तळावर गुण्याची कड टेकवून उजेडाकडे धरावी. तळ मध्यभागी फुगीर असेल तर वरची पट्टी त्यावर डुलते, कडेला नीट भिडत नाही, आणि आपण वर्णन केलेली फट दिसू लागते. तो उंचवटा रुंद पटाशीने पातळ-पातळ तासून काढावा.

प्रश्न : चौकटीच्या मध्यभागी आणखी एक आडवी पट्टी हवी आहे. तिथे उभ्या पट्टीत खाच कशी घ्यावी? शिवाय सांध्यात स्क्रू मारणे आवश्यक आहे का?

उत्तर : खाचेच्या दोन्ही कडांना करवतीने छेद घेऊन मधल्या भागातही जवळजवळ आणखी काही छेद, खोलीच्या रेघेच्या किंचित वरपर्यंत घ्यावेत. मग पटाशीने एका बाजूकडून मध्यापर्यंत आणि पट्टी फिरवून दुसऱ्या बाजूकडून मध्यापर्यंत काम करावे. आरपार एकाच बाजूने ठोकल्यास पलीकडच्या कडेचे लाकूड फुटते.

सांधा नीट बसत असेल तर स्क्रूची गरज नाही. या सांध्यात दोन रुंद पृष्ठभाग एकमेकांवर येतात, त्यामुळे लाकडाचा गोंद चांगली पकड घेतो. पट्टीचे टोक दुसरीच्या कडेला नुसते चिकटविलेल्या जोडात ती मिळत नाही, कारण टोकाचे लाकूड गोंद शोषून घेते. मात्र दोन पट्ट्यांचे तंतू एकमेकींना आडवे असतात आणि लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे रुंदीत फुगते-आकसते, म्हणून फार रुंद पट्ट्यांना हा सांधा मला पसंत नाही. 45 मिलिमीटरला चिंता नाही. क्लॅम्प सांध्याच्या सपाट बाजूवर तर लावावाच, पण कडा भिडाव्यात म्हणून चौकटीच्या लांबी-रुंदीच्या दिशेनेही लावावेत, आणि गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान नसतील तर लांब कर्णाच्या दिशेने क्लॅम्प हलका आवळला की चौकट काटकोनात येते.

प्रश्न : एक खाच जास्त खोल गेली आहे. गोंद आणि भुसा भरून भागेल का?

उत्तर : दिसायला भागेल, मजबुतीला नाही, नेहमीचा पांढरा गोंद पातळ थरातच ताकद धरतो. त्याच लाकडाची पातळ चीप, तिचे तंतू पट्टीच्या तंतूंच्याच दिशेने ठेवून, खाचेच्या तळाला चिकटवावी आणि पूर्ण वाळल्यानंतर गेजच्या रेघेपर्यंत तासून घ्यावी.