नॅक येऊन गेल्यावरही ग्रंथालयात मूल्यमापन चालू कसं ठेवायचं?

तुम्ही विचारलंय, की नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, टीम येणार म्हटलं की गेट रजिस्टर, वाचक सर्वेक्षण, आलेख सगळं जुळवलं जातं आणि टीम गेली की फायली कपाटात जातात, मग ही सवय बारमाही कशी लागेल? मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. मी आणि एक परिचर, बाकी जागा रिक्त. तेव्हा एवढ्या मनुष्यबळात जमतं तेवढंच सांगतो.

कुठलाही आकडा गोळा करण्याआधी विचारा, हा कमी निघाला तर मी काय बदलणार? उत्तर सुचत नसेल तर त्यामागे लागू नका. नॅकच्या 4.2 या ग्रंथालयाबद्दलच्या निकषात रोजचा वापर विचारतात म्हणून दारातल्या सह्या मोजाव्या लागतात, त्या मोजा. पण पोरगं पोलीस भरतीचं वाचायला आलं की पंख्याखाली बसायला, हे सहीवरून कळत नाही.

सगळ्यात कामाची नोंद म्हणजे आपण ज्याला 'नाही' म्हटलं त्याची. देवघेवीत दिलेली पुस्तकं दिसतात, रिकाम्या हाताने परत गेलेला वाचक दिसत नाही. काउंटरवर एक साधी वही ठेवा. तारीख, काय मागितलं, का मिळालं नाही, पुढे काय केलं, एवढे रकाने पुरेत. मागणाऱ्याचं नाव लिहू नका. आमची पानं 'मराठीत नाही' आणि 'जुना अभ्यासक्रम' या शेऱ्यांनीच भरत गेली. आधी विक्रेत्याची यादी यायची आणि विभागप्रमुख तीवर खुणा करायचे. आता खरेदीच्या वेळी ही वही त्यांच्यापुढे असते. 'आहे पण सापडलं नाही' हा शेरा वाढला तर खरेदीचा प्रश्नच नाही, कपाटं लावायला घ्या.

वही परिचराच्या हाती द्या. पोरं आपल्याला विचारायला बिचकतात, पण परिचराला "मामा, ते निळ्या कव्हरचं अर्थशास्त्र हाये का?" असं बिनधास्त विचारतात. मात्र या नोंदींवरून कुणाला बोल लावणार नाही, हे मामांना आधी सांगा आणि पाळा. नाहीतर 'सापडलं नाही' कधीच लिहिलं जाणार नाही.

आकडा कुठे अडलंय ते दाखवतो, का अडलंय ते विचारावंच लागतं. आमच्याकडे खेड्यांवरून येणाऱ्या मुलींची देवघेव अगदीच कमी दिसत होती. विचारल्यावर कळलं, देवघेव दुपारी आणि त्यांची एसटी त्याच वेळेला. देवघेव पहिल्या तासाच्या आधी घेतली, एवढंच. आणखी एक, ऑक्टोबरची तुलना ऑगस्टशी करू नका, मागच्या ऑक्टोबरशी करा. सोयाबीनची सोंगणी आणि पुढे कापूस वेचणी आली की आपली निम्मी पोरं वावरात असतात.

एन-लिस्टचंही तसंच, म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन नियतकालिकं आणि पुस्तकं वाचायला देणाऱ्या योजनेचं. ती चालवणारं इन्फ्लिबनेट हे यूजीसीचं केंद्र एवढं साहित्य देतं आणि आपला वापर कमी दिसतो. 'मुलं वाचत नाहीत' म्हणण्याआधी किती जणांचे पासवर्ड खरंच चालू झालेत ते पाहा.

सर्वेक्षण घ्यायचंच तर 'ग्रंथालय कसं वाटतं?' विचारू नका, सगळे 'उत्तम' लिहितात. अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने 2000 मध्ये लिबक्वाल नावाची पद्धत आणली. त्यात प्रत्येक सेवेबद्दल तीन गोष्टी विचारतात: कमीत कमी किती हवी, किती असावी, सध्या किती मिळते. मूळ प्रश्न 22 आहेत, आपल्याला चार-पाच पुरतात. प्रश्न मराठीत छापा आणि कागद वर्गात वाटा. ग्रंथालयात वाटले तर जो येतच नाही त्याचं मत सुटतं. वाटायला स्वतः जाऊ नका, तोंडावर कोण वाईट लिहिणार?

ग्रंथालय समितीच्या बैठकीला एकच पान न्या: काय दिसलं, काय बदललं, फरक पडला का. शेवटचा रकाना पुढच्या सत्रात भरा आणि फरक पडला नसेल तर तसंच लिहा. प्राचार्य 'याचा नॅकला काय उपयोग?' म्हणतील. नॅकच्या निकष 7 मध्ये कॉलेजच्या दोन उत्तम प्रथा मागतात आणि दर वेळी तेच वृक्षारोपण जातं. तिथे ही पानं तारखांसकट जोडायला सांगा.