जुन्या मारुती सुझुकी जिप्सीचे हेडलाइट मंद पडतात. १००/९० वॉटचे बल्ब बसवावेत का?

बसवू नका, आधी बल्बपर्यंत पोहोचणारा व्होल्टेज मोजा, कारण जुन्या गाडीत दोष बहुधा बल्बचा नसून वायरिंगचा असतो. इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना मल्टिमीटरने बॅटरीच्या दोन टोकांवर व बल्बच्या होल्डरवर मोजमाप घ्यावे; दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आढळला, तर तो गंजलेल्या जोडांत, स्विचच्या झिजलेल्या संपर्कांत किंवा खराब अर्थिंगमध्ये वाया जातो आहे. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या सुमारे ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे व्होल्टेज केवळ १० टक्के घटला तरी प्रकाश जवळपास ३० टक्के कमी होतो. अशा वायरिंगवर जास्त वॉटचे बल्ब लावल्यास विद्युतप्रवाह वाढून तूट आणखी वाढते, आणि स्विच किंवा होल्डर वितळण्याचा धोका खरोखरच उद्भवतो. म्हणून अर्थिंगचे जोड घासून स्वच्छ करा, नेहमीचेच ६०/५५ वॉटचे एच४ बल्ब ठेवा, आणि लो व हाय बीमसाठी प्रत्येकी एक रिले (कमी प्रवाहाने जास्त प्रवाह चालू-बंद करणारा विद्युत स्विच) बसवून त्यांना बॅटरीवरून किमान २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरने थेट पुरवठा द्या. फ्यूज मात्र बॅटरीच्या अगदी जवळच हवा, हे कृपया टाळू नका. एक सावधगिरी: सुझुकीच्या या पिढीतील काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच पॉझिटिव्ह नव्हे तर अर्थ बाजू जोडतो-तोडतो, तेव्हा तयार रिले किट जोडण्यापूर्वी आपल्या गाडीची रचना तपासून घ्यावी.