एक्स्ट्रूडरवर नव्याने उभे राहणाऱ्यासाठी

भोसरीत नोकरीला लागल्यावर आपल्याला तापवून ओढायच्या तंबाखूच्या कांड्यांची प्रक्रिया समजून घ्यायची आहे, म्हणून आधी कायद्याचे सांगतो: 2019 च्या केंद्रीय कायद्याने अशा उत्पादनांची निर्मिती आणि विक्री आपल्याकडे बंद आहे, तेव्हा सराव स्टार्च आणि ग्लिसरीनवरच करावा.

मूळ मिश्रणात तंबाखूची भुकटी, ग्लिसरीन, पाणी आणि चिकटपणासाठी ग्वार गमसारखा डिंक असतो. एक्स्ट्रूडर या यंत्रात दोन स्क्रूंमध्ये मळला जाऊन या मिश्रणाचा लगदा डायमधून, म्हणजे टोकाच्या आकार देणाऱ्या छिद्रातून, सलग कांडीसारखा बाहेर पडतो. नवखे लोक पहिल्यांदा तापमान बदलू पाहतात, पण माझ्या मते आधी फीडर, म्हणजे यंत्रात भुकटी सोडणारा भाग, पाहावा. पावसाळ्यात ओल धरलेली भुकटी हॉपरमध्ये, म्हणजे फीडरवरच्या नरसाळ्यासारख्या टाकीत, कमान करून अडकते, ग्लिसरीनचा पंप मात्र चालूच राहतो. मग लगदा सैल होतो, डायवरचा दाब उतरतो आणि कांडी कटरपर्यंत पोचण्याआधीच वाकते. पाणी कमी पडले, तर उलट मोटरचा भार चढतो आणि कांडीच्या अंगावर बारीक आडव्या चिरा उमटतात. डायपाशी लगदा 100 अंशांच्या वर गेल्यास दाब सुटताच पाण्याची वाफ होऊन कांडी फुगते. एक बदल केल्यावर आतला जुना माल पूर्ण निघून जाईपर्यंत दुसरा करू नये.

खऱ्या भुकटीशी कधी संबंध आलाच, तर हातमोजे आवश्यक आहेत, कारण निकोटीन त्वचेतूनही शरीरात जाते.