पोरगी युद्ध झालेल्या देशात सेवेला जाते म्हणते

शिकलेली मुलगी किंवा मुलगा एखाद्या युद्धातून सावरणाऱ्या देशात स्वयंसेवक म्हणून जायचं म्हणतो, पाठवायचं का? हा प्रश्न अलीकडे वरचेवर येतो. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तो घेऊन आलेल्या एका घराबद्दल लिहिते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

स्नेहल फिजिओथेरपिस्ट. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. बसता बसताच ते म्हणाले, "मॅडम, हिला जरा समजावून सांगा की. कंबोडियाला जाते म्हणते. तिथं जमिनीत सुरुंग पुरलेत."

भीती खोटी नव्हती. 1975 ते 1979 या ख्मेर रूज नावाच्या कट्टर कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत तिथं 17 ते 20 लाख माणसं मेली, आणि पुढची लढाई 1998 च्या सुमारास थांबली. 1979 पासून सुरुंग आणि न फुटलेल्या दारूगोळ्यानं सुमारे 20 हजार बळी घेतलेत. वायव्येकडच्या जिल्ह्यांत सुरुंगांचा इशारा देणाऱ्या कवटीच्या लाल पाट्या आजही दिसतात. त्यात जुलै 2025 मध्ये थायलंडच्या सीमेवर पुन्हा तोफा धडाडल्या. तरीही वडिलांना मी एवढंच म्हटलं, की आधी ती नेमकं काय करायला चाललीय ते बघू.

स्नेहलनं मोबाईलवर माहितीपत्रक उघडलं. कंबोडियातल्या सिएम रीप शहरातलं एक अनाथालय, दोन महिने, मुलांना इंग्रजी शिकवायचं. त्यासाठी पैसे तिनंच भरायचे, लाखाच्या वर. फोटोत एक गोरी मुलगी आणि तिच्या मांडीवर तीन-चार वर्षांचं पोर. अर्ज खालपर्यंत वाचला. टी-शर्टचं माप विचारलं होतं, शाकाहारी का तेही विचारलं होतं. शिक्षण, अनुभव, पोलिसांचा दाखला, यातलं काहीच नाही. "कुठल्याही सोमवारी या," असं होतं.

इथं मी जरा थांबले, कारण मुलांच्या मनाशी माझा रोजचा संबंध येतो. अनोळखी माणसाच्या मांडीवर पाच मिनिटांत चढून बसणारं मूल आपल्याला लाघवी वाटतं. पण ज्याला हक्काचं एक माणूस मिळालेलं नसतं, ते मूल बऱ्याचदा असं वागतं. दर दोन महिन्यांनी नवी ताई येणार, जीव लावणार आणि निघून जाणार. तिकडच्या सरकारी पाहणीत तर असंही दिसलं होतं, की अशा संस्थांतल्या चारपैकी जवळपास तीन मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. पर्यटक वाढले तशी अनाथालयं वाढली, अनाथ मुलं नव्हे. 2019 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही या प्रकाराबद्दल ठरावात चिंता नोंदवली.

स्नेहलचा चेहरा उतरला. "म्हणजे मी जायचंच नाही का?"

मी तिला 2019 च्या महापुराबद्दल विचारलं. तेव्हा ती कॉलेजात होती आणि मैत्रिणींबरोबर शिरोळ तालुक्यात गेली होती. "तिथं कुणाचा उपयोग झाला?" तिनं विचार केला. रस्त्याकडेला पडलेले जुन्या कपड्यांचे ढीग तिला आठवले, कुणी हात न लावलेले. आणि घरातला गाळ उपसायला पंप घेऊन आलेली, आठवडाभर राहिलेली पोरं आठवली. त्यांनी आधी गावात फोन करून काय पाहिजे ते विचारलं होतं.

इतका वेळ गप्प असलेले वडील एकदम म्हणाले, "म्हणजे ड्रॉइंग न बघताच जॉब मशीनला लावल्यागत झालं हे." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

आईची काळजी वेगळी होती: स्थळं येतायत, आणि ही चालली. खरं तर स्नेहलला त्या स्थळांचाच कंटाळा आला होता. तिनं ते कबूल केलं, हे बरं झालं. चार दिवस लांब जावंसं वाटणं यात गैर काही नाही. फक्त आपला कंटाळा घालवायचं काम तिकडच्या लेकरांच्या गळ्यात पडू नये.

"पण आपला काय संबंध त्या लोकांशी?" वडिलांनी शेवटचा पत्ता टाकला. कोल्हापूरकरानं हे विचारावं! 1943 ते 1948 या काळात इथंच वळिवड्याला पोलंडचे सुमारे 5 हजार निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना त्यांनी स्वतः चालवला. सावरणारी माणसं आपलं आपण बरंच करतात, बाहेरच्यानं कशात हात घालायचा ते त्यांना विचारून ठरवावं.

मग कामाचं बोललो. तुमच्या हातात काय कौशल्य आहे आणि ते कुणी मागितलंय का, हा पहिला प्रश्न. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम उमेदवाराकडून पैसे घेत नाही, उलट राहण्याखाण्याचा भत्ता देतो. प्रवास विम्यात युद्ध आणि सुरुंग वगळलेत का, ते बारीक अक्षरात वाचावं. पर्यटक व्हिसावर काम करू नये. आणि फुकट तिकीट, डेटा एंट्रीची नोकरी असं कुणी म्हणालं तर तिथूनच मागं फिरावं: ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या सुमारे 250 भारतीयांना कंबोडियातून परत आणल्याचं परराष्ट्र मंत्रालयानं मार्च 2024 मध्ये सांगितलं होतं. वडिलांना सुरुंगांची धास्ती होती, याची त्यांना कल्पनाही नव्हती.

स्नेहलनं ते बुकिंग रद्द केलं, भरलेले दहा हजार बुडाले. कृत्रिम पाय बसवायच्या शिबिरांत ती रविवारी जाऊ लागली. वर्षभरानं तिनं तिकडच्या एका पुनर्वसन केंद्राला लिहिलं, तुम्हाला काय हवंय म्हणून. उत्तर आलं: पेशंट आमची माणसं बघतात, पण गुडघ्यावरून पाय गेलेल्यांच्या व्यायामाचं प्रशिक्षण आमच्या नव्या मुलांना देणारं कुणी तीन महिने आलं तर हवं आहे.

करारनामा घेऊन परवा वडीलच आले. पेन्सिलनं दोन ठिकाणी खुणा केल्या होत्या: आजारी पडली तर परतीचं तिकीट कोण काढणार, आणि सुट्टीच्या दिवशी तिला कुठं फिरायला बंदी आहे. दोन्ही प्रश्न मी स्नेहलला ईमेलवर विचारायला लावले.