डीमक्स कार्डवर व्हिडिओ लॉक दिसतो पण दुसऱ्या भाषेचा ऑडिओ मिळत नाही, कार्ड नीट कसं चालवायचं?

तुम्ही लिहिलंय की फ्रेममध्ये (कार्डं बसवायच्या पेटीत) एसडीआयचं, म्हणजे केबलवरून येणाऱ्या डिजिटल व्हिडिओ सिग्नलमधून ऑडिओ वेगळा काढणारं, डीमक्स कार्ड बसवलं, व्हिडिओचा हिरवा दिवा लागला, चित्र पुढे जातंय, मुख्य आवाजही मिळतोय, पण चॅनेल ५-६ वरची दुसरी भाषा कुठल्याच एईएस (डिजिटल ऑडिओ, एका जोडीत दोन चॅनेल) आउटपुटवर सापडत नाही. माझ्या मते कार्ड ठीक आहे आणि ग्रुप चुकीचा निवडलाय, आधी तेच बघा.

एचडी एसडीआयमध्ये १६ पर्यंत ऑडिओ चॅनेल बसतात, चार-चारचे ४ ग्रुप, म्हणजे १ ते ४ पहिल्या ग्रुपमध्ये, ५ ते ८ दुसऱ्यात आणि तसंच पुढे, आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एईएसच्या २ जोड्या. हा ऑडिओ चित्राच्या ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत पॅकेट करून भरलेला असतो आणि तुमचं कार्ड फक्त ती पॅकेटं उचलून बाहेर देतं, जे आत नाहीच ते कुठून देणार. व्हिडिओ लॉकचा दिवा एवढंच सांगतो की केबलवर ओळखीचा सिग्नल आलाय, ऑडिओचं त्यावरून काहीच कळत नाही, त्यासाठी ग्रुप प्रेझेंटचे (सिग्नलमध्ये कुठला ग्रुप आहे ते सांगणारे) दिवे किंवा मेनूमधली ती ओळ बघायची. लहान कार्डं एका वेळी एक-दोनच ग्रुप काढतात आणि ग्रुप १ लाच सेट असतील तर ५-६ कधीच मिळणार नाही. आणि हो, बऱ्याच कार्डांवर लोकल-रिमोटचा स्विच असतो, तो रिमोटवर असेल तर पुढची बटणं कितीही दाबा, कंट्रोल सॉफ्टवेअरमधलंच सेटिंग चालतं.

ग्रुप २ लावला, दिवा लागला, तरी भरवसा ठेवू नका. सिग्नल जिथून येतो तिथल्या माणसाला एका वेळी एकाच चॅनेलवर १ किलोहर्ट्झचा टोन द्यायला सांगा आणि तुमच्या बाजूला मीटरवर कुठली पट्टी हलते ते बघत जा. मॅपिंग कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरं असं इतक्यांदा असतं की मी हे केल्याशिवाय सेटिंग सेव्हच करत नाही. लेव्हलही तेव्हाच जुळवून घ्या, काही ठिकाणी लाइन-अप टोन (लेव्हल जुळवायचा ठरलेला टोन) वजा १८ डीबीएफएसला, म्हणजे डिजिटल पूर्ण स्केलच्या १८ डीबी खाली असतो, काही ठिकाणी वजा २० ला, आणि अ‍ॅनालॉग आउटपुट वापरत असाल तर पूर्ण स्केल म्हणजे १८ डीबीयू (अ‍ॅनालॉग लेव्हलचं एकक) की २४ डीबीयू हे दोन्हीकडे सारखंच हवं, नाहीतर ६ डीबीचा फरक पडतो आणि मग लोक फेडर वरखाली करत बसतात.

एखाद्या जोडीवर डॉल्बी ई (अनेक चॅनेलचा आवाज दाबून एका एईएस जोडीत बसवलेला डेटा) असेल तर फार सांभाळा. तो मीटरवर जवळजवळ पूर्ण भरलेला, न हलणारा दिसतो आणि साध्या स्पीकरवर गेला तर कर्कश खरखराट होतो, म्हणून मॉनिटर आधी म्यूट करा. त्या जोडीवर सॅम्पल रेट कन्व्हर्टर बंद, गेन शून्य डीबी, फेज उलटवणं नाही, चॅनेलची अदलाबदल नाही. एक बिट जरी बदलला तरी डिकोडरला तो डेटा वाचता येत नाही. त्यावर डिलेही द्यायचाच असेल तर चित्राच्या पूर्ण फ्रेमचा द्या, सेकंदाला २५ फ्रेम असतील तर ४० मिलिसेकंद, अर्धवट दिला तर त्याचा गार्ड बँड (डेटामधली रिकामी जागा, जिथे स्विच करता येतं) चित्राशी जुळत नाही आणि पुढे कुठेतरी स्विच करताना आवाज तुटतो.

टकटक आवाज येत असेल तर दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे आधीच्या एम्बेडरने (सिग्नलमध्ये ऑडिओ भरणाऱ्या उपकरणाने) जुना ग्रुप न पुसता त्याच नंबरचा दुसरा ग्रुप भरलाय का, आणि दुसरं म्हणजे सीआरसी एरर (वाटेत सिग्नलचा डेटा बिघडल्याची खूण) वाढतायत का. एरर वाढत असतील तर केबल बघा, १.४८५ गिगाबिटला चालणारी लांब केबल ३जी एसडीआयच्या २.९७ गिगाबिटला दगा देते. एईएसची बीएनसी ७५ ओहमची असते आणि एक्सएलआर ११० ओहमची, मध्ये बालन (हे दोन ओहम जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) न लावता नुसता अडॅप्टर जोडला की कधी चालतं कधी नाही आणि दोष कार्डाला दिला जातो.

चारही ग्रुपचे दिवे बंद असतील तर कार्डाच्या मागे लागू नका, एक-एक पायरी मागे जाऊन बघा, मधला एखादा फ्रेम सिंक्रोनायझर (चित्राची वेळ जुळवणारं उपकरण) किंवा कन्व्हर्टर ऑडिओ पॅकेटं पुढे सोडतच नसेल. हे बघताना चालू कार्यक्रमाच्या लाइनवरचं कार्ड ओढू नका. कार्ड चालू फ्रेममधून काढता येतं हे खरं, पण मागचं कनेक्टर मॉड्यूल नुसतं राहिलं तर बायपास रिले (कार्ड नसताना सिग्नल सरळ पुढे सोडणारा स्विच) असल्याशिवाय चित्रसुद्धा जातं, आणि तुमच्या कार्डात तो आहे की नाही हे मॅन्युअलमध्ये बघूनच हात लावा.