मुस्तफा पहिल्यांदा खेळताय?

गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉम कंपनीने 1993 मध्ये काढलेला. पण आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरांत ते कुणाच्या तोंडी बसलंच नाही. कॉइन टाकायचं आणि ‘मुस्तफा’ खेळायचा, बस्स.

तुम्हीही गेममधल्या चार पात्रांतून टोपीवाला मुस्तफाच घ्या. त्यांतला मेस ताकदवान आहे, पण संथ. मुस्तफाचा सगळा जीव वेगात. जॉयस्टिक एकाच दिशेला झटकन दोनदा मारली की तो पळत सुटतो, आणि पळताना घातलेली लाथ म्हणजे निम्मा गेम! गुंड एका बाजूला गोळा होऊ द्या, मगच धावा. चारी बाजूंनी घेरले गेलात तर उडी आणि हल्ला ही बटणं एकदम दाबा. गर्दी उडते, पण आपलीही जीवाची पट्टी कमी होते, त्यामुळे उगाच वापरू नका.

दुसऱ्या लेव्हलचा मुख्य गुंड बुचर दोन्ही हातांत सुरे घेऊन येतो. त्याच्या रेषेत उभं राहू नका, वर-खाली सरकत तिरके जा. तिसऱ्या लेव्हलला गाडी मिळते, तिथे सल्ला कसला, चिरडत सुटा.

मूळ गेममध्ये तिघे एकदम खेळू शकतात. जोडीदार असेल तर गेममधलं जीवाची पट्टी भरणारं खाणं कुणी उचलायचं ते आधीच ठरवा. आमच्याकडे यावरून स्क्रीनबाहेरही हाणामारी व्हायची.